मेडिकलच्या पायरीवरचं 'येतो'

बाई, तुझी तेरवी आटोपून मी तुझ्या मेडशीहून मंगरूळपीरला परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तुझ्या नावाने मला फोन आला. नंबर अनोळखी, आवाज बाईमाणसाचा. "कौसल्याबाईची दवाई आमच्याकडं पडून हाये. न्यायची नसंल तर पैशे वापस घेऊन जा," असं ती म्हणाली. कोण बोलतंय म्हणून विचारलं तर म्हणे, वाशीमकडच्या मालेगावच्या मेडिकलमधून. मी म्हटलं, "मेडिकलवाले कधीपासून पैसे वापस देऊन राह्यले?" आणि फोन ठेवून दिला.

असे फोन मला नेहमी येतात. कधी बँकेचं खातं बंद होणार असतं, कधी विजेचं कनेक्शन कापलं जाणार असतं, कधी मी न भरलेल्या कुठल्या तरी सोडतीत मला मोटारसायकल लागलेली असते. पैसे परत मिळणार म्हणून कोणी आपण होऊन सांगितलं की समजायचं, आपल्या खिशाजवळ कोणाचा तरी हात आला आहे. सारी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढली मी. माणूस गाडीत चढताना कुठे बघतो यावरून तो तिकीट काढणार की झोपेचं सोंग घेणार, हे मला कळायचं. थोरली बहीण असून तू मात्र याला हुशारी म्हणाली नाहीस कधी. "नाम्या, तू तर भाकरही पलटून पाह्यतं, खालून जळली हाये का म्हणून," असं चारचौघांत म्हणायचीस, आणि वर पुन्हा माझ्याच ताटात जळकी भाकर वाढायचीस.

पण फोन ठेवला आणि चैन पडेना. फसवणाऱ्याला तुझं नाव कसं माहीत? आणि दवाई कोणती? तू तर दवाई सोडली होतीस. निदान मला तसं सांगितलं होतंस.

आपलं शेवटचं बोलणं तुला आठवत असेल. अकोल्याच्या डॉक्टरने नवीन गोळी लिहून दिली होती, पायांवरची सूज आणि दम यांच्यासाठी, आणि आता ही कायमची म्हणून सांगितलं होतं. तू फोनवर म्हणालीस, "म्या नाही घेत आता. जुन्याच खाऊन खाऊन थकली. जेवन कमी अन् गोळ्या जास्त झाल्या." मी म्हटलं, "मंग मरतं का?" तू म्हणालीस, "मरीन. तुह्या बापाचं काय जाते?" आपला बाप एकच, हे दोघांच्याही लक्षात आलं. एरवी अशा वेळी तू आधी फिस्कन हसायचीस आणि मग मी. त्या दिवशी कोणीच हसलं नाही. मी फोन आपटला. नंतर ना मी फोन केला, ना तू. मग एका सकाळी तुझ्या पोराचा, गजूचा आला, आणि तो काही बोलायच्या आधीच मला कळलं.

तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती बाई, आणि ती कोणाला विचारायची सोय नव्हती. तुझं काळीज थकलं म्हणून तू गेलीस, की तूच ठरवून गोळी घेतली नाहीस? लोक म्हणत होते, सोनं झालं म्हातारीचं, झोपेत गेली, कोणाला त्रास नाही दिला. मी मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, हिने मुद्दाम तर नाही केलं? माझ्यावरच्या रागाने तर नाही?

म्हणून तो नंबर मी पुन्हा लावला. त्याच बाईने उचलला. आता तिने नीट सांगितलं. तू स्वतः चिठ्ठी घेऊन मालेगावला तिच्या दुकानात गेली होतीस. ती गोळी तिथे कोणी ठेवत नाही, अकोल्याहून मागवावी लागते. महाग दवाई असते, कोणी मागवतं आणि मग नेतच नाही, म्हणून ते पैसे आधी घेतात. तू पैसे भरलेस आणि गोळ्या न्यायला गेलीच नाहीस. "कवाही घेऊन जा, मामा," ती म्हणाली. मी म्हटलं, पाहू. माझा नंबर तिच्याकडे कसा, हे विचारायचं राहिलं, आणि मग तोच एक नवा संशय होऊन बसला. गजूचा का नाही दिलास? त्याच्यापासून काय लपवायचं होतं?

गजूला फोन केला. मागे मळणीयंत्राचा आवाज, मजुरांचा आरडाओरडा. "आईच्या दवाईचं तुले माहीत होतं का?" विचारलं. तो म्हणाला, "कोनती दवाई, मामा? तिनं मले काईच नाही सांगतलं. सोयाबीन पडून हाये वावरात, मी संध्याकाळी बोलतो." संध्याकाळी काही त्याचा फोन आला नाही. मी काय काय विचार केला ते तुला सांगायला आता हरकत नाही. मला वाटलं, याला माहीत होतं. चिठ्ठी पाहिली असेल, किंमत ऐकली असेल, आणि सोयाबीन निघाल्यावर पाहू म्हणून आईला बसवून ठेवलं असेल. त्यात तेरवीच्या दिवशी तुझ्या खोलीत मी एक गोष्ट पाहिली होती. तुझं ते जांभळ्या काठाचं, बाहेर जायचं लुगडं पेटीत नव्हतं, खुंटीवर होतं. धुतलेलं, घडी केलेलं. मी मनाशी म्हटलं, घ्या, तेरवीचं जेवण व्हायच्या आधीच वाटण्या सुरू झाल्या. तुझ्या सूनबाईने चहा दिला तो मी अर्धा ठेवला आणि तिच्याशी धड बोललो नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, माझ्या पोराच्या मागे लागायची तुझी जुनीच खोड आहे. ते भांडण तू काढणारच. मेडशीहून वाशीमला जायला तू गजूला घेऊन माझ्याच गाडीत बसली होतीस. पोरगं माझ्या खांद्याला लागत होतं. मी विचारलं, "याचं वय काय?" गाडीभर लोकांसमोर तू म्हणालीस, "मामा असून भाच्याचं वय इचारतं?" मी म्हटलं, बारा पूर्ण झाले असतील तर फुल तिकीट लागते. तू म्हणालीस, अकरा. मी म्हटलं, हा पोळ्याच्या करीला झाला, आणि त्या साली धुऱ्यावरचं, वावराच्या बांधावरचं आंब्याचं झाड पडलं होतं, म्हणजे बारा झाले. तू म्हणालीस, झाड पडलं त्याच्या पुढच्या साली झाला. शाळेत तर मास्तरांनी मनाला येईल ती तारीख टाकलेली, त्यामुळे कागदाचा उपयोग नाही. शेवटी मी फुल तिकीट फाडलं. तू पैसे दिलेस, तिकीट घेतलंस, आणि भाऊबीजेपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. नंतर प्रत्येक लग्नात तू ही गोष्ट सांगितलीस आणि दर वेळी गजू एकेक महिन्याने लहान होत गेला. मी पण कधी माघार घेतली नाही. सुनेच्या माहेरच्या लोकांसमोरही नाही.

तर गजूवर संशय घेऊन, मेडिकलवाल्या बाईवर त्याहून जास्त घेऊन, मी मालेगावच्या गाडीत बसलो. जऊळक्याला गाडी थांबली तेव्हा एक म्हातारी चढली, दम लागलेली, पाय सुजलेले. कंडक्टर पोरगी होती. तिने म्हातारीचा हात धरून तिला बसवलं आणि मग तिकीट विचारलं. मी आयुष्यभर आधी तिकीट विचारत आलो. खिडकीबाहेर कापणी झालेली वावरं होती, मधून मधून तूर उभी होती, आणि मी मनात प्रश्न जुळवत होतो. दवाई खरोखर कोणत्या दिवशी आली? उशिरा आली असेल, त्यामुळे तू गेली असशील, आणि आता कोणी विचारायच्या आत पैसे परत देऊन हे लोक मोकळे होत असतील. नाहीतर गेलेल्या माणसाचे पैसे कोण शोधून शोधून परत करतं? हा संशय मला इतका पटला की मालेगाव येईपर्यंत तो माझ्यापुरता सिद्धच झाला.

मी सरळ दुकानात गेलो नाही. समोरच्या पानठेल्यापाशी उभा राहिलो आणि पाहत राहिलो. दुकान लहान, रस्त्यापासून तीन पायऱ्या वर. आत एक चाळिशीची बाई, चष्मा लावलेली, एकटी. गिऱ्हाइकाशी बोलत होती बरी. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हे दोन दोनदा सांगत होती, पाकिटावर पेनाने खुणा करून देत होती. पण एक गोष्ट माझ्या नजरेत आली. गिऱ्हाईक पायऱ्या उतरू लागलं की ती गप्प. आपल्याकडे दुकानदार कोणताही असो, गिऱ्हाईक निघालं की 'या बरं' म्हणतो. किराणावाला म्हणतो, कापडवाला म्हणतो, उधारी थकवलेल्यालाही म्हणतो. ही एकालाही म्हणत नव्हती. एक म्हातारा गेला, एक लेकुरवाळी गेली, कोणालाच नाही. मी म्हटलं, जिला गिऱ्हाईक परत यायला नको आहे तिच्या दुकानात काहीतरी गडबड आहे.

मग वर गेलो. "कौसल्याबाईच्या दवाईसाठी आलो," म्हटलं.

तिने चष्म्यातून पाहिलं. "तुमी कंडक्टर मामा नं?"

"कायवरून?"

"मघापासून पानठेल्यापासी उभे राहून पाहून राह्यले तुमी. मावशी सांगत होत्या, माहा भाऊ आला तर आधी लांबून पाह्यीन, मंग आत येईन."

बाई, मला राग आला तुझा. परक्या बाईला काय सांगायचं याचा तुला कधी पाचपोच नव्हता. पण राग येता येता डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी वर पंख्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दवाई कधी आली?"

"दुसऱ्याच दिवशी. दुपारच्या पार्सलनं."

"कशावरून?"

तिने मागच्या फळीवरून एक डबा काढला. रबर लावलेलं, त्यात चिठोरं, त्यावर तुझं नाव आणि मेडशी. डबा न फोडलेला, मुदत भरपूर बाकी. म्हणून तो होलसेलवाल्याला परत जातो, म्हणाली, आणि म्हणूनच पैसे देता येतात. मी तो उलटून पाहिला, खालूनही पाहिला. भाकरीसारखाच. "माझा नंबर काहून घेतला? मुलगा असताना?"

"मी नाही घेतला, त्यायनंच देल्ला. दवाई मागवाची तर नंबर लागते. म्हने, मले हा एकच पाठ हाये."

"मग दवाई आल्यावर फोन काहून नाही केला?"

"मावशीनं मना केलं होतं. म्हने, त्याले फोन नोको करजो, तो तुहीच उलटतपासनी घेईन. अन् आमचं भांडन चालू हाये. मीच येतो, म्हने. मी रोज वाट पाह्यली. मंग मेडशीचं एक गिऱ्हाईक आलं, त्यानं सांगतलं मावशी गेल्या म्हनून. तेरवी होऊ देली, मंग तुमाले लावला."

म्हणजे दवाई वेळेवर आली होती. फळीवर बसून होती. मेडशीहून मालेगाव काही सातासमुद्रापार नाही, तुला ती गाडी पाठ होती, आणि त्यानंतर तू काही दिवस चांगली हिंडत फिरत होतीस. दुकानावर संशय घेण्यासारखं काही उरलं नाही, आणि बाई, मला ते नको होतं. दुकानाची चूक निघाली असती तर बरं झालं असतं. आता संशय घ्यायला तूच उरली होतीस. पैसे भरले, घरी गेलीस, आणि मग ठरवलंस की नको. माझं भांडण आठवलं असेल. मरीन म्हणाली होतीस, तशी मेलीस. त्या काचेच्या काउंटरला हात टेकून मी उभा होतो, आणि ती बाई पैसे देत होती, आणि मला ते हातात घ्यावेसे वाटत नव्हते.

तरी घेतले. निघालो. पायरीपर्यंत आलो तर मागे तीच शांतता. एवढं बोलली, पण 'या' नाही. माझं डोकं फिरलेलंच होतं. मी वळलो आणि म्हटलं, "तुमी गिऱ्हाइकाले 'या' म्हनत नाही, ही कोनती रीत?"

ती हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "तुमच्या बाईनंच बंद केलं ते. पयले पयले मी म्हनत होती सगळ्यायले. एक रोज मावशी मलेच बोलल्या. 'काय वं, मेडिकलवालीनं कोनाले या म्हनू नये. इथं कोनी हौसेनं येते का? पुन्हा बिमार पडा म्हनतं का लोकायले?' तवापासून मी नाही म्हनत. त्याही मुकाट उतरून जायच्या. मांगं वळून पाह्यत नव्हत्या."

बाई, हे कोणी रचून सांगू शकत नाही. हे बोलणं दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही. माय वाशीमच्या दवाखान्यात होती आणि बरी होऊन निघाली तेव्हा मी डॉक्टरांना हात जोडून म्हटलं होतं, "येतो, साहेब." पायऱ्या उतरल्यावर तू माझ्या तोंडावर चापट मारली होतीस. दवाखान्यातून 'येतो' म्हणायचं नसतं, मौतीच्या घरून म्हणायचं नसतं, तिथून मुकाट निघायचं असतं. घरून निघताना कोणी चुकून 'जातो' म्हटलं तर त्याला परत बोलावून 'येतो' म्हणायला लावणारी तू, आणि दवाखान्याच्या दारात 'येतो' म्हणणाऱ्याचं तोंड दाबणारीही तूच. मी याला खुळचटपणा म्हणायचो. मोठा झाल्यावरही म्हणायचो, आणि पाळायचोही.

मी विचारलं, "त्या दिवशी, पैसे भरले त्या दिवशी, काही बोलली का?"

"तेच तर सांगाचं होतं मले," ती म्हणाली. "त्या दिशीही मुकाट गेल्या. पायऱ्या उतरल्या, ऑटोपर्यंत गेल्या. मंग वापस आल्या. मले वाटलं, काई राह्यलं. दम लागला होता, काच धरून उभ्या राह्यल्या अन् म्हने, 'येतो बरं.' मी म्हनलं, मावशी, आज तुमीच? तर म्हने, 'आज म्हनू दे. यायचंच हाये मले.'"

मी खाली बसलो. पायरीवरच. तिने आतून पाणी आणलं आणि माझ्या बाजूला ठेवलं. येणारे-जाणारे पाहत होते, पाहू दे. मी रडलो, बाई. तेरवीला नव्हतो रडलो. तेरवीला मी लुगड्याकडे पाहत होतो.

तुला तो नियम मोडायला पायऱ्या पुन्हा चढाव्या लागल्या. सुजलेल्या पायांनी, दम लागलेला असताना. ज्या माणसाला मरायचं असतं तो ऑटोत बसून निघून जातो. तुला यायचं होतं. गोळ्या न्यायला यायचं होतं, त्या खायच्या होत्या, त्या खाऊन पुढची दिवाळी पाहायची होती. फोनवर मला 'मरीन' म्हणालीस आणि मग माझ्या नकळत चिठ्ठी उचलून दवाई मागवायला गेलीस. म्हणजे ते भांडण मी जिंकलो होतो आणि तू मला कळू दिलं नाहीस. 'तुहं ऐकलं बरं, नाम्या' एवढं म्हणायला तुझ्या जिवावर आलं. आलं असेलच, मी तुला चांगला ओळखतो. मी भाऊबीजेला येईपर्यंत तू ते लपवून ठेवणार होतीस आणि मग गोळीचं पाकीट माझ्यासमोर आपटणार होतीस.

तिथून मेडशीला गेलो. गजू वावरातून नुकताच आला होता, अंगभर सोयाबीनचं भूस, डोळे लाल. त्याला सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. "मले कायले नाही सांगतलं तिनं, मामा? मी गेलो असतो. मशीन बंद ठेवून गेलो असतो." मी त्याच्याकडे कंडक्टरच्या नजरेने पाहिलं, आणि तो खरं बोलत होता.

सूनबाई चहा घेऊन आली. मालेगावचं नाव ऐकून ती म्हणाली, "मालेगावले जायचं तर आईनं मलेही सांगतलं होतं. काहून ते नाही सांगतलं. म्हने, मजुरायच्या भाकरी तू एकटी कशी करशीन, मळणी झाली का जातो. लुगडंही धुऊन घडी करून खुटीले टांगून ठेवलं होतं. ते मले अजूनही पेटीत ठेवावं वाटत नाही."

लुगडं तिथेच होतं. मी पुन्हा जाऊन पाहिलं. तेरवीच्या दिवशी ज्यावरून मी त्या पोरीचा चहा अर्धा ठेवला, तेच. मळणी सुरू झाली, मजूर आले, भाकरी थापायला तू चुलीपुढे बसलीस, आज जातो, उद्या जातो करत राहिलीस. एवढंच झालं. यात कोणी खलनायक नाही, म्हणून मला ते अजून नीट पेलत नाही. कोणाला तरी धरून उलटतपासणी घ्यायची माझी सवय, आणि इथे धरायला कोणीच नाही. चहा मात्र मी या वेळी पूर्ण प्यालो आणि चांगला झाला म्हणून सांगितलं. सूनबाईने आश्चर्याने पाहिलं.

पैसे गजूच्या हातात दिले. तो घेईना. "दवाईचे पैशे हायेत, मामा. घरात कसे ठेवू?" मी म्हटलं, दवाईचे नाहीत, तुझ्या आईचे आहेत, तिला बरं व्हायचं होतं त्याचे आहेत. मग त्याने घेतले आणि बायकोकडे दिले, आणि तिने ते तुझ्या खोलीत नेऊन ठेवले. त्यांचं पुढे काय करायचं ते त्या दोघांनी ठरवावं. मी विचारणार नाही, आणि हे मी लिहून देतो आहे.

निघताना उंबऱ्यात थबकलो. तेरवीला तुझ्या घरून मुकाट निघालो होतो, रीतीप्रमाणे. आज काय म्हणावं ते कळेना. मौतीचं घर किती दिवस मौतीचं राहतं, हे सांगायला तू नव्हतीस, नाहीतर असलं सगळं तुझ्याच अखत्यारीत होतं. सूनबाई दारात उभी होती. तीही वाट पाहत होती, मी काय म्हणतो याची. मी म्हटलं, "येतो, बाई." ती म्हणाली, "या, मामा." तिला वाटलं, मी तिलाच बाई म्हटलं.

आता घरी बसून हे लिहितो आहे. तुझ्याबद्दलचा माझा संशय गेला, तो पुन्हा येणार नाही. तुझ्या त्या 'येतो'वर मी कोणाला बोट ठेवू देणार नाही. तुझं माझ्यावर प्रेम होतं, एक माझाच नंबर तुला पाठ होता, आणि हे मला एका परक्या बाईकडून कळावं लागलं, याचा राग मात्र आहे. तो राहणार.

आणि एक. तुझी दवाईची बाजू मी ऐकून घेतली म्हणून दुसऱ्या भांडणात मी माघार घेतली असं समजू नकोस. झाड पडलं त्याच साली गजू झाला. गाडीत बसला त्या दिवशी तो पुरता बाराचा होता आणि फुल तिकीट बरोबरच फाडलं होतं. पटत नाही ना? येतो म्हणाली होतीस. ये मंग, अन् भांड माह्यासंग.